पुस्तकातून अंगणात : ताराबाई मोडक

मूल वाढवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटत नाही. स्वयंपाक शिकावा लागतो, नांगर धरायला शिकावे लागते, सायकलसुद्धा दोनचार वेळा गुडघे फोडून घेतल्याशिवाय येत नाही. लेकरू मात्र आपोआप मोठे होते, अशी आपली समजूत असते. आजीची बाळगुटी, आईचे हात आणि घरातल्या मोठ्या माणसांचा धाक एवढ्या शिदोरीवर पिढ्यान्‌पिढ्या मुले वाढली, मग त्यात आणखी शिकायचे ते काय? ही समजूत हलवण्यासाठी ज्यांनी आपले उभे आयुष्य वेचले, त्या ताराबाई मोडक यांचे नाव आज आपल्या पिढीला परके होऊ लागले आहे.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. ग्रामीण समाजाचा अभ्यास करताना अंगणवाडी हा शब्द आम्हाला तासातासाला भेटतो. घरी माझी काकू अंगणवाडी सेविका असल्यामुळे तो शब्द अगदी लहानपणापासून माझ्या कानांवर आहे. पण हा शब्द कोठून आला, कोणत्या अडचणीतून जन्माला आला, याचा शोध घेऊ लागले तेव्हा एका विलक्षण जीवनाची ओळख झाली. ती आपल्या वार्षिकांकाच्या वाचकांना करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाच्या वातावरणातले. मुलीने शिकू नये, असे मानणाऱ्या त्या काळात या घरात मुलीच्या हातात पुस्तक दिले जात होते. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. आज आपल्या वर्गात मुलांपेक्षा मुली जास्त दिसतात, म्हणून या घटनेचे महत्त्व आपल्याला चटकन जाणवत नाही. पण त्या काळी पदवी घेतलेल्या मराठी स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१९१५ साली त्यांचा विवाह झाला. पती मोडक हे अमरावतीचे वकील. म्हणजे ताराबाईंच्या आयुष्यातली काही वर्षे आपल्या विदर्भाच्या मातीत गेली. पण हा संसार सुखाचा ठरला नाही. पोटी एक मुलगी झाली आणि ती अगदी लहान असतानाच, १९२१ च्या सुमारास, पतिपत्नी विभक्त झाले. नवऱ्याचे घर सोडलेल्या बाईकडे समाज शंभर वर्षांपूर्वी कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही. आजही ती नजर फारशी निवळलेली नाही. ताराबाई मात्र कोणाच्या आश्रयाला गेल्या नाहीत. मुलीला घेऊन त्या दूर सौराष्ट्रात, राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या.

तेथे पगार होता, मान होता. एखाद्याने आयुष्यभर ती खुर्ची सोडली नसती. परंतु ताराबाईंसमोर एक प्रश्न उभा होता आणि तो केवळ पुस्तकी नव्हता. घरात एक लहान मुलगी वाढत होती, तिला एकटीनेच वाढवायचे होते. शिक्षिका होऊ पाहणाऱ्या स्त्रियांना शिकवता शिकवता, खुद्द मूल म्हणजे काय, हे आपण कोठे शिकलो, असा विचार त्यांच्या मनात आल्यावाचून राहिला नसेल. याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील गिजुभाई बधेका यांचे काम त्यांच्या नजरेस आले.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते डॉ. मारिया माँटेसोरी यांच्या पुस्तकांपाशी पोहोचले, वकिली सोडून मुलांत रमले आणि १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. माँटेसोरीबाई इटलीच्या. पेशाने डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले होते. मूल हे मातीचा गोळा नाही, मोठ्यांनी वाटेल तसा आकार द्यावा आणि त्याने तो घ्यावा, असे होत नाही. मुलाच्या आतच वाढीची ओढ असते, मोठ्यांनी तिला वाव द्यायचा असतो, हा त्यांच्या विचाराचा गाभा. म्हणून त्यांनी मुलांच्या मापाची टेबले-खुर्च्या केल्या, हाताने हाताळून शिकता येतील अशी साधने तयार केली. लहानमोठ्या दट्ट्यांची पेटी, उतरत्या ठोकळ्यांचा मनोरा, बोट फिरवून ओळखायची खरखरीत अक्षरे. दट्ट्या चुकीच्या भोकात घातला तर तो बसतच नाही. मूल स्वतःच आपली चूक पाहते आणि स्वतःच सुधारते. छडीची गरज उरत नाही.

१९२३ साली ताराबाई प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. पगार कमी, काम जास्त आणि तेही अडीच-तीन वर्षांच्या मुलांत. लोकांच्या दृष्टीने ही पायरी उतरणेच होते. ताराबाईंच्या दृष्टीने मात्र शिक्षणाची पहिली पायरी हीच होती. गिजुभाईंबरोबर त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. दोघांनी मिळून गुजरातीत मुलांसाठी आणि पालकांसाठी लेखन केले. घरात मराठी, शाळेत गुजराती आणि वाचन इंग्रजी, असा त्यांचा दिनक्रम होता. परक्या भाषेतला विचार आपल्या घरगुती बोलीत कसा सांगावा, याचे शिक्षण त्यांना इथेच मिळाले असे मला वाटते.

पुढे त्या मुंबईला परतल्या. १९३३ पासून शिक्षणपत्रिका हे मासिक मराठीतून निघू लागले आणि ताराबाईंनी ते पुढे अनेक वर्षे नेटाने चालवले. १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. तेथे बालमंदिर होते आणि बालशिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिरही होते. याच काळात व नंतर त्यांनी आईबापांसाठी मराठीत पुस्तके लिहिली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही नावेच पाहा. त्यांत संस्कृतप्रचुर पांडित्य नाही. घराच्या ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावे, तसा हा विषय आहे.

या लेखनामागची दृष्टी अगदी साधी आहे. मूल हट्ट करते म्हणजे ते द्वाड आहे, असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा त्याला स्वतः काही करून पाहायचे असते आणि आपल्याला घाई असते. त्याला सदऱ्याची गुंडी स्वतः लावायची असते, आपल्याला गाडी गाठायची असते. त्याला पाणी स्वतः ओतायचे असते, आपल्याला जमीन ओली व्हायला नको असते. मग आपण हात धरतो, ते रडते, आपण धपाटा घालतो आणि शेवटी गप्प बसवण्यासाठी गोळी देतो. म्हणजे एकाच घटकेत धाक आणि लालूच या दोन्हींची शिकवण त्याला मिळते. नूतन बालशिक्षणाचा सारा कटाक्ष या दोन गोष्टी टाळण्यावर होता. शिस्त बाहेरून लादायची नसून आतून यावी लागते आणि ती यायची तर मुलाला मनाजोगे काम मिळाले पाहिजे. आज बालमानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हेच सिद्धान्त जड शब्दांत सापडतात. ताराबाईंनी ते परीक्षेसाठी नव्हे, तर घरासाठी लिहिले.

इथपर्यंतची हकीकत एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञाची आहे. ताराबाई इथेच थांबल्या असत्या, तरी दादर-हिंदू कॉलनीतल्या सुशिक्षित घरांनी त्यांचे नाव आदराने घेतले असते. पण त्यांचे खरे मोठेपण पुढेच आहे.

बालसंगोपनाचे पुस्तक कितीही चांगले असले, तरी ते वाचायला आईला अक्षर आले पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत भारतातल्या शंभर स्त्रियांपैकी नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. म्हणजे एक्याण्णवांहून अधिक आयांच्या दृष्टीने ही पुस्तके असून नसल्यासारखीच होती. दुसरी अडचण पैशाची. माँटेसोरी साधने सुबक, पण महाग. १९३१ साली गांधीजी लंडनमध्ये माँटेसोरीबाईंना भेटले, तेव्हा हे शिक्षण गरिबांच्या मुलांपर्यंत कसे पोहोचेल, हीच चिंता त्यांच्या मनात होती. श्रीमंतांच्या गावात बालमंदिर आणि गरिबांच्या गावात काहीच नाही, ही बोच ताराबाईंच्या मनालाही लागली. वयाची पन्नाशी उलटल्यावर, माणसे निवृत्तीचे हिशोब मांडू लागतात त्या वयात, त्यांनी मुंबई सोडली.

१९४५ साली डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांच्या सोबतीला होत्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, पुण्यात शिक्षिका असलेल्या. नोकरी सोडून त्या ताराबाईंकडे आल्या आणि अखेरपर्यंत त्यांच्या कामाशी एकरूप झाल्या. घरसंसाराचे सुख न लाभलेल्या या दोघींनी शेकडो मुलांचे संगोपन केले, हा योगायोग नव्हे. त्यामागे जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता.

बोर्डीत पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. केंद्र उघडले, तरी सर्व मुले येईनात. गावाबाहेरच्या वस्त्यांतली, गरिबांची आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरांची मुले गावातल्या बालवाडीकडे फिरकत नव्हती. कोणाच्या अंगावर कपडा नसे, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड असे, तर कोणाच्या आईबापांना गावात पोर पाठवायचीच भीती वाटे. आता दोन मार्ग होते. मुलेच येत नाहीत, लोकच अडाणी आहेत, असे म्हणून अहवाल लिहून टाकायचा. किंवा बालवाडीच उचलून मुलांकडे न्यायची. ताराबाईंनी दुसरा मार्ग धरला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून तिथेच मुलांना जमवू लागल्या. आंघोळ, नखे, केस, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरलेली बालवाडी ती अंगणवाडी. आज सरकारी फलकांवर दिसणारा हा शब्द अशा अंगणात जन्मला.

अंगणात बालवाडी भरल्याचा आणखी एक फायदा झाला. मुलांना कसे न्हाऊ घालावे, रडणाऱ्याला कसे समजवावे, हे आया दारात उभ्या राहून पाहत होत्या. जे पुस्तक त्यांना वाचता येत नव्हते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. इटलीहून आलेल्या नमुन्यांच्या जागी समुद्रावरचे शंखशिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे, बांबू आणि माती आली. लहानमोठे ओळखायला शिंपले पुरतात, मोजायला चिंचोके पुरतात, रंग ओळखायला फुलापानांइतके दुसरे काय हवे? विचार माँटेसोरीबाईंचाच, पण त्याचे शरीर बोर्डीचे झाले.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम डोंगरावरच्या कोसबाड येथे, वारली आदिवासींच्या वस्तीत गेले. हा मुलूख सावकार-जमीनदारांच्या जाचाने पिचलेला होता. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली याच भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. त्या लढ्याने माणसाची मान ताठ केली. ताराबाई-अनुताईंनी त्याच माणसाच्या पोरांकडे लक्ष दिले. दोन्ही मार्ग वेगळे, पण गरज दोन्हींची होती.

कोसबाडला नवाच पेच उभा राहिला. सहा-सात वर्षांची मुले शाळेत येणार कशी? मुलगा गुरांमागे आणि मुलगी धाकट्या भावंडामागे. तेव्हा शाळाच कुरणात गेली. गुरे चरत असताना झाडाखाली भरणारी ती कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडासाठी शाळेला पाळणाघर जोडले. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण प्राथमिक शाळेत, अशी एकाच छपराखालची ही रचना विकासवाडी म्हणून ओळखली गेली. मुलगी शाळेत का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्या कडेवर बसलेले आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनाच अशी शाळा सुचू शकते.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सभासद होत्या. १९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. पण सन्मान झाला म्हणून त्या टेकडी सोडून शहरात आल्या नाहीत. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. ३१ ऑगस्ट हा माँटेसोरीबाईंचा जन्मदिवस. त्यांच्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द साऱ्या भारताचा झाला. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे नेले. १९९२ साली त्याही गेल्या.

थोरांची चरित्रे वाचताना केवळ हात जोडण्याची आपली रीत आहे. परंतु ताराबाईंच्या कामाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे असे मला वाटते. मुंबईची सुशिक्षित बाई आदिवासी पाड्यावर आंघोळीची बादली घेऊन जाते, तेव्हा त्यात माया असते, तसेच आम्ही स्वच्छ आणि तुम्ही अस्वच्छ असे सुचवण्याचा धोकाही असतो. पाणी कोसभरावरून आणणाऱ्या आईला स्वच्छतेचा उपदेश करणे सोपे आहे. या धोक्यातून त्यांचे काम वाचले, कारण त्या उपदेश करून परतल्या नाहीत. तिथेच राहिल्या आणि मुलांनी बदलावे यासाठी आधी स्वतःची शाळा बदलत गेल्या.

आता आपल्या राजुऱ्याकडे वळू. वर्धा नदीच्या या काठावरचा आपला तालुका १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यामुळे मराठी आणि तेलुगू इथे एकाच बाजारात बोलतात. माणिकगडच्या डोंगराकडे गेले की गोंडी आणि कोलामी कानावर येते. कोळसा खाणी आणि सिमेंटच्या वसाहतींत हिंदी बोलणारी मुले आहेत. वारली बोली मराठीला जवळची; मुंबईच्या शिक्षिकेला ती महिनाभर ऐकून समजू लागते. गोंडी आणि कोलामी मात्र द्राविडी कुळातल्या. तीन वर्षांचे कोलामी लेकरू अंगणवाडीत येते आणि त्याला मराठी गाणे शिकवले जाते, तेव्हा ते हट्टी नसते, मठ्ठही नसते. त्याला आपण काय बोलतो तेच कळत नाही. ताराबाईंनी शाळा अंगणात नेली, पण आपल्याकडे अंगणात पोहोचलेली शाळा अजून घराच्या भाषेत शिरलेली नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला बायका पहाटेच रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता येतो, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. त्या दिवसांत लेकरे एकतर आईबरोबर रानात किंवा थोरल्या बहिणीच्या कडेवर. मोहाच्या दिवसांत अंगणवाडी मोहाखाली का भरू नये? काकूला हा प्रश्न विचारला तेव्हा ती हसली आणि म्हणाली की, रजिस्टर सांभाळू, मोबाईलवर माहिती भरू, आहार शिजवू, वजने करू, की झाडाखाली जाऊ? तिचे म्हणणे खोटे नाही. एका बाईवर दहा कामे टाकली की गाणी-गोष्टी हे काम शेवटी उरते, आणि शेवटचे काम बहुधा उद्यावर जाते. मुलाच्या पोटात आहार गेला पाहिजे, यात वाद नाही. पण ताराबाईंच्या अंगणात आहाराइतकाच मान खेळाला होता.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, बहुतेकजण आईबाप होतील. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या वयाला शिक्षणाचा पाया मानले आहे. जे शासनाच्या कागदावर आज आले, ते एका बाईने शंभर वर्षांपूर्वी प्राचार्यपद सोडून मान्य केले होते. आपल्या वर्गात गोंडी, कोलामी आणि तेलुगू घरांतली मुले-मुली आहेत. त्यांच्या आजीला येणारी अंगाईगीते, बडबडगाणी आणि लहान मुलांच्या गोष्टी आपण गोळा करू शकतो. मूळ भाषा देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ, अशी चाळीस पानांची एक वही जरी मराठी व समाजशास्त्र विभागांनी मिळून तयार केली, तरी डोंगरावरच्या सेविकेच्या पिशवीत ती कामाची वस्तू होईल. गुरुजनांनी यात मार्गदर्शन करावे अशी नम्र विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत मी माझ्यापासून सुरुवात करणार आहे. सोबत येऊ इच्छिणाऱ्यांनी नावे द्यावीत.